चोरीस, शेवया आणि कढण : नागपुरांतील एका ख्रिस्ती पदार्थाचा इतिहास

ज्युबिलीच्या स्मरणपुस्तकांत देवळाचा पाया कोणीं घातला, घंटा कोठून आली, कोणकोणते धर्मगुरु येथें राहून गेले, हा वृत्तांत असतो, आणि तो असावयासच पाहिजे. परंतु ज्या कुटुंबांच्या वर्गणीनें व श्रमानें देऊळ उभें राहतें, त्यांच्या चुलीचा इतिहास लिहून ठेवावा असें सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. वास्तविक पाहतां, एखादा समाज कोठून आला, कोणत्या अडचणींतून गेला आणि शेजाऱ्यांपासून काय शिकला, हें त्याच्या दप्तरापेक्षां त्याच्या स्वयंपाकाच्या भांड्यांत पुष्कळदां अधिक स्पष्ट दिसतें. म्हणून या अंकासाठीं मीं एक साधा पदार्थ निवडला आहे. नागपूरच्या थंडींत चोरीस, म्हणजे गोव्याकडील मसालेदार सॉसेज, घालून व त्यांत मॅकॅरोनी किंवा शेवया सोडून जें दाट कढण केलें जातें, तेंच हें.

या कढणाविषयीं दोन प्रकारचे बोल ऐकूं येतात. बाहेरचे कांहीं लोक म्हणतात, हें फिरंग्यांचें अन्न. उलट आपल्यांतील कांहीं जण अभिमानानें म्हणतात, हेंच खरें ख्रिस्ती अन्न. हे दोन्ही बोल चुकीचे आहेत. ते कसे चुकीचे, हें इतिहासाच्या आधारें दाखवावें, आणि शेवटीं तें कढण घरीं कसें करावें हेंही सांगावें, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

कढण

सूप हा शब्द इंग्रजांबरोबर आला असें आपणांस वाटतें. परंतु संस्कृतांत 'सूप' हा शब्द फार जुना आहे. शिजविलेल्या डाळीचें वरण किंवा कढण असा त्याचा अर्थ, आणि स्वयंपाक करणारा तो 'सूपकार'. १८७५ सालीं पाककलेवर मराठींत जें पुस्तक छापलें गेलें, त्याचें नांवही 'सूपशास्त्र' असेंच आहे. इंग्रजी 'सूप' आणि पोर्तुगीज 'सोपा' हे शब्द मात्र निराळ्या कुळांतले होत. रश्श्यांत भिजविलेल्या भाकरीच्या तुकड्यास जुन्या जर्मन टोळ्यांच्या भाषेंत जो शब्द होता, त्यापासून ते निघाले. म्हणजे ध्वनीचें साम्य हा केवळ योगायोग. तरी अर्थाकडे पाहिलें असतां दोन्ही शब्द एकाच गोष्टीची साक्ष देतात. शिळी भाकर मऊ करावी, मूठभर डाळ दहा माणसांस पुरवावी, हाडाला चिकटलेलें मांस वायां जाऊं देऊं नये, यासाठीं गरिबानें भांड्यांत पाणी वाढविलें. कढणाचा जन्म राजवाड्यांत झाला नाहीं. तो टंचाईंत झाला.

पोर्तुगालांत एक लोककथा प्रसिद्ध आहे. एक भिक्षेकरी संन्यासी भुकेलेला असा एका घरीं गेला. घरच्यांनीं त्यास कांहीं देण्याचें नाकारलें. तेव्हां त्यानें वाटेवरचा एक दगड उचलला आणि म्हणाला, "याचेंच कढण करतों, भांडें आणि पाणी तेवढें द्या." दगडाचें कढण कसें होतें हें पाहण्यासाठीं त्यांनीं भांडें दिलें. मग चिमूटभर मीठ असतें तर बरें झालें असतें, कोबीचीं दोन पानें असतीं तर अधिक बरें, चोरिसाचा एक तुकडा असता तर मग विचारावयासच नको, असें म्हणत म्हणत त्यानें सर्व जिन्नस त्यांच्याच हातून मिळविले, पोटभर जेवला, आणि दगड धुवून पुन्हां झोळींत टाकला. त्या देशांतील आल्मेइरीं नांवाच्या गांवीं याच कथेच्या नांवानें कढण वाढलें जातें आणि त्यांत घेवडा, बटाटा व चोरीस असतो. उत्तरेकडील मिन्यु प्रांतांत बटाटा आणि बारीक चिरलेली पालेभाजी यांचें हिरवें कढण करतात, त्यांत प्रत्येकाच्या वाडग्यांत चोरिसाची बहुधा एकच चकती पडते. या पदार्थाचें मर्म या एका चकतींत आहे. येथें मांस हें पोट भरण्याचें साधन नाहीं. तें सर्व भांड्याला चव देणारा मसाला आहे.

नागपूरकरास हें तत्त्व परकें वाटण्याचें कारण नाहीं. आपल्या शहरांतील हलबा कोष्टी विणकर समाजानें जो सावजी रस्सा सर्व महाराष्ट्रांत प्रसिद्ध केला, त्यांतही थोड्या मांसाला भरपूर व झणझणीत रश्श्याची जोड असते. आणि कणकेचे तुकडे उकळत्या वरणांत सोडून केलेलीं वरणफळें, ज्यांस कित्येक घरीं चिकोल्या म्हणतात, तीं तरी दुसरें काय आहेत? रश्श्यांत शिजलेलें गव्हाचें पीठ हाच त्यांचा प्रकार. इटलींतील गृहिणीस चिकोल्यांचें ताट दाखविलें तर ती त्यास आपल्या घरचाच पदार्थ समजेल.

चोरीस

मांसास मीठ व मसाला लावून तें धुतलेल्या आंतड्यांत भरावें आणि टिकवावें, ही युक्ति कोणा एका देशाची नाहीं. ख्रिस्तजन्मापूर्वीं कांहीं वर्षें निवर्तलेला रोमन ग्रंथकार व्हॅरो सांगतो कीं, रोमच्या शिपायांनीं ही विद्या दक्षिण इटलींतील ल्युकेनिया प्रांताच्या लोकांपासून उचलली, म्हणून त्या पदार्थास 'लुकानिका' हें नांव पडलें. ग्रीस देशांत सॉसेजला अद्यापि याच नांवाच्या अपभ्रंशानें ओळखतात. हें फार दूरचें वाटत असेल, तर आपल्या दख्खनकडे वळूं. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानें इ. स. ११२९ च्या सुमारास 'मानसोल्लास' नांवाचा संस्कृत ग्रंथ रचला. त्यांतील अन्नाच्या प्रकरणांत रानडुकराचें मांस भाजण्याची रीत सांगितली आहे, आणि मसालेदार सारण आंतड्यांत भरून तें निखाऱ्यांवर भाजण्याचीही सांगितली आहे. म्हणजे पोर्तुगीज गोव्यांत येण्याच्या जवळजवळ पावणेचारशें वर्षें आधीं दख्खनच्या राजवाड्यांत हा प्रकार ठाऊक होता.

तथापि आपला चोरीस मानसोल्लासांतून आलेला नाहीं, हेंही तितकेंच खरें. २५ नोव्हेंबर १५१० रोजीं आफोन्सु द आल्बुकर्क यानें गोवा जिंकला, आणि पोर्तुगीज शिपाई व खलाशी यांच्याबरोबर त्यांचा 'शोरीसु' आला. डुकराचें मांस, लसूण, द्राक्षांची मदिरा, तांबड्या मिरचीची सौम्य पूड आणि चुलीचा धूर, ही त्याची मूळची रीत. गोव्यांत द्राक्षें नव्हतीं. तेव्हां मदिरेच्या जागीं माडाच्या सुरेचा शिरका आला. मिरची अमेरिका खंडांतून पोर्तुगीज जहाजांनींच आणली, परंतु येथल्या मातींत ती तिखट झाली व येथल्या हातांनीं ती सढळ पडली. मिरें, लवंग, दालचिनी, जिरें, आलें आणि हळद हीं तर घरचींच होतीं. दमट हवेंत नुसत्या धुरानें भागेना, म्हणून वैशाखाचें ऊन कामाला लावलें. अशा रीतीनें नांव तेवढें थोडें बदलून राहिलें, आणि आंतील सर्व वस्तु पालटली.

त्याची घरगुती कृति अशी. चरबीसह मांसाचे बारीक तुकडे सुरीनें कापतात. तें यंत्रांत दळीत नाहींत. त्यांस मीठ चोळून, वर दगडाचें वजन ठेवून, आंतील पाणी निथळूं देतात व मग उन्हांत वाळवितात. शिरक्यांत वाटलेला मसाला आणि थोडी फेणी लावून कांहीं दिवस मुरवितात. नंतर स्वच्छ केलेल्या आंतड्यांत भरून, दोऱ्यानें लहान लहान मणी पाडून, त्यांच्या माळा उन्हांत आणि चुलीवरच्या धुरांत टांगतात. मीठ व ऊन मांसांतील पाणी काढून घेतात, शिरक्याची आंबटाई नासविणाऱ्या जंतूंस वाढूं देत नाहीं, आणि धूर वरून आवरण घालतो. बर्फाच्या पेट्या नव्हत्या त्या काळीं हीच शीतपेटी होती.

ही सर्व धांदल पावसाळ्यापूर्वींची. मृगाचा पाऊस लागला म्हणजे होड्या किनाऱ्यास लागत, वाटा बंद होत आणि बाजार ओस पडे. म्हणून मीठ, सुकी मासळी, मिरच्या, कोकम आणि चोरीस यांचा सांठा आधींच करून ठेवावा लागे. या सांठ्यास गोव्यांत 'पुरुमेंत' म्हणतात, आणि मडगांवच्या पवित्र आत्म्याच्या देवळाच्या सणानिमित्त भरणारी पुरुमेंताची जत्रा प्रसिद्धच आहे. आतां हाच वैशाख नागपुरांत कसा जातो तें आठवा. गच्चीवर, अंगणांत, खाटेवर पांढऱ्या धोतरांवर कुरडया, पापड, सांडगे आणि शेवया वाळत असतात. गोव्याची गृहिणी ज्या आठवड्यांत चोरिसाच्या माळा टांगते, त्याच आठवड्यांत विदर्भाची गृहिणी वाळवण घालते. दोघींच्याही मनांत पुढल्या चार महिन्यांची काळजी असते. आपल्या कढणांत या दोन अंगणांचा मिलाफ झाला आहे.

फर्मान आणि हात

परंतु चोरिसाच्या इतिहासाची एक बाजू अशी आहे कीं ती झांकून ठेवणें योग्य होणार नाहीं. गोव्यांत १५६० पासून १८१२ पर्यंत, मध्यंतरींचीं थोडीं वर्षें वगळतां, इन्क्विझिशनचें न्यायासन होतें. त्या काळीं नव्या ख्रिस्ती माणसाची श्रद्धा त्याच्या ताटावरून तपासण्याचा प्रयत्न झाला. १७३६ च्या फर्मानानें जुन्या चालीरीतींची एक लांबलचक यादी करून त्यांवर बंदी घातली, आणि त्या यादींत हिंदु शेजाऱ्यांप्रमाणें मिठावांचून भात शिजविणें हाही एक दोष म्हणून नमूद होता. भातांत मीठ घातलें कीं नाहीं, यावरून श्रद्धेची परीक्षा!

युरोपांतही असें घडलें. पोर्तुगालच्या राजानें १४९७ सालीं आपल्या राज्यांतील यहुदी लोकांस बळेंच ख्रिस्ती केलें. त्यांच्यांतील ज्यांच्या मनास डुकराचें मांस रुचेना, त्यांनीं पाव आणि कोंबडीचें मांस यांचे सॉसेज करून ते इतरांसारखे चुलीवर टांगून ठेवले, जेणेंकरून शेजाऱ्यांस संशय येऊं नये, अशी कथा त्या देशांत परंपरेनें सांगतात. 'आल्येइरा' नांवाचा तो सॉसेज आज तेथें सर्वच लोक आवडीनें खातात. ज्या पदार्थाचा उगम भयांत सांगितला जातो, तो शेवटीं सर्वांच्या ताटांत प्रेमानें जाऊन बसला.

प्रेषितांचीं कृत्यें या ग्रंथाच्या दहाव्या अध्यायांतील संत पेत्राचा दृष्टांत आपणां सर्वांस ठाऊक आहे. अन्नाच्या भेदावरून माणसास दूर लोटूं नये, असा त्याचा बोध. आणि संत पौलानें करिंथकरांस निक्षून कळविलें कीं अन्नानें आपण देवाच्या अधिक जवळ जात नाहीं, व आपल्या खाण्यानें दुर्बल बंधूला अडखळण होईल असें वागूं नये. ज्यांनीं अन्नाचें फर्मान काढलें त्यांनीं या दोन प्रेषितांचें ऐकलें नाहीं. म्हणून 'हेंच खरें ख्रिस्ती अन्न' असें जो म्हणतो, तो नकळत त्या जुन्या फर्मानाचीच भाषा बोलतो.

पुढें काय झालें? १८१२ सालीं तें न्यायासन मोडलें. १९ डिसेंबर १९६१ रोजीं गोव्यांतील पोर्तुगीज सत्ताही संपली. फर्मानें दप्तरांत जीर्ण झालीं. चोरीस मात्र राहिला. कारण तो फर्मानानें टिकलेला नव्हता. मसाला वाटणाऱ्या, आंतडीं धुणाऱ्या, माळा उन्हांतून आंत आणि आंतून उन्हांत नेणाऱ्या बायकांच्या हातांनीं तो टिकला. सत्तेनें आणलेली वस्तु आणि गरजेनें आपलीशी केलेली वस्तु, यांतील हा फरक आहे.

मॅकॅरोनी आणि शेवया

मॅकॅरोनी म्हणजे इटली, असें समीकरण झालें आहे. मार्को पोलो यानें ती चीनहून आणली, ही कथा शाळेंतील मुलेंही सांगतात. पण ती खरी नव्हे. मार्को पोलो १२९५ सालीं व्हेनिसला परतला. त्याच्या सोळा वर्षें आधीं, १२७९ सालीं, जेनोआ शहरांत एका शिपायाच्या मालमत्तेची जी यादी लिहिली गेली, तींत मॅकॅरोनीनें भरलेलें एक भांडें नोंदलेलें आहे. त्याहूनही मागें, ११५४ सालीं पुरा झालेल्या भूगोलाच्या ग्रंथांत अल-इद्रीसी या अरब पंडितानें लिहिलें आहे कीं, सिसिली बेटांतील त्राबिया गांवीं पिठाच्या सुकविलेल्या तारा पुष्कळ तयार होऊन ख्रिस्ती व मुसलमान अशा दोन्ही मुलुखांत जहाजांनीं रवाना होतात. म्हणजे जी वस्तु आज शुद्ध युरोपियन म्हणून ओळखली जाते, तिचा सर्वांत जुना स्पष्ट उल्लेख अरबी ग्रंथांत सांपडतो, आणि आरंभापासूनच ती दोन धर्मांच्या ताटांत होती.

आपल्याकडे हीच विद्या शेवयांच्या रूपानें घरोघर आहे. लग्नघरीं बायका गोळा होऊन गव्हले, नखुले, मालत्या, बोटवे असे हातानें वळून करीत. बोटांच्या चिमटींत वळलेला प्रत्येक दाणा सारखा व्हावा यांत त्यांची शर्यत लागे. आमच्या विदर्भांतील सरगुंड्यांविषयीं तर स्वतंत्रपणें सांगितलें पाहिजे. घट्ट कणकेची बारीक दोरी काडीवर वेटोळीं घालून गुंडाळतात, मग काडी काढून घेऊन तें पोकळ वेटोळें वाळवितात, आणि शिजवून आमरसाबरोबर वाढतात. इटालियन मनुष्यास तें दाखविलें तर तो त्यास निःशंक पास्ता म्हणेल. मॅकॅरोनीस जो कठीण जातीचा गहू लागतो, त्याच जातीचा बन्सी गहू मध्य हिंदुस्थानांत व विदर्भांत पूर्वापार पिकत आला आहे. त्याचें पीठ चिवट असतें आणि उकळत्या पाण्यांत विरघळत नाहीं. तेव्हां डब्यांतील मॅकॅरोनी संपली म्हणून कढण अडून राहण्याचें कारण नाहीं, सरगुंडे घालावे.

नागपुरांत हें भांडें कोठून आलें

नागपूर समुद्रापासून दूर, आणि येथें ना माड ना सुरा. मग चोरीस येथें कसा पोंचला? त्याचें उत्तर छावणी आणि आगगाडी या दोन शब्दांत आहे.

कामठीची लष्करी छावणी १८२१ सालीं वसली. तेथील मद्रासी पलटणींतील ख्रिस्ती शिपाई, त्यांचीं कुटुंबें आणि आयरिश गोरे सैनिक हे या भागांतील पहिल्या कॅथलिक मंडळींपैकीं होत. त्यांच्यासाठीं जे धर्मगुरु आले ते संत फ्रान्सिस द सेल्स यांच्या नांवाच्या मिशनरी संघाचे. हा संघ १८३८ सालीं सॅव्हॉय प्रांतांतील आनेसी येथें स्थापन झाला, आणि त्याचे पहिले मिशनरी १८४५ सालीं हिंदुस्थानाकडे निघाले. पुढें १८७० सालीं नागपुरांत त्यांची शाळा निघाली, १८८७ सालीं नागपूर धर्मप्रांत स्थापन झाला, व १९५३ सालीं त्यास महाधर्मप्रांताचा दर्जा मिळाला.

हे मिशनरी ज्या मुलुखांतून आले तो मुलूख डोंगराळ, थंड आणि गरीब होता. १८६० सालीं तो फ्रान्सला जोडला गेला; त्यापूर्वीं त्याची राजधानी इटलींतील तुरिन ही होती. तेथें गव्हाच्या व कुट्टूच्या पिठाचे लहान चौकोनी तुकडे वाळवून ठेवतात, त्यांस 'क्रोझे' म्हणतात. आणि डुकराच्या मांसाचे आंखूड सॉसेज करतात, त्यांस 'द्यो' म्हणतात. हिंवाळ्यांत बर्फानें वाटा बुजल्या म्हणजे या सांठ्यावरच घर चालतें. गोव्यांत जें पाऊस करतो, नागपुरांत जें ऊन घडवून आणतें, तेंच तेथें बर्फ करवितें. अशा घरांतून आलेल्या माणसांस चोरीस आणि शेवया यांचें कढण पाहून परकेंपणा वाटला नसता.

आगगाडीचें कार्य याहून मोठें आहे. जी. आय. पी. रेल्वे १८६७ सालीं मुंबईहून नागपुरास येऊन पोंचली. १८८७ सालीं बंगाल नागपूर रेल्वे कंपनी निघाली. १८८८ च्या सुमारास मुरगांव बंदर घाटांतून वर येणाऱ्या लोहमार्गानें बाकीच्या हिंदुस्थानाशीं जोडलें गेलें. गोव्यांतील लहान शेतांवर कुटुंबें पोसत नव्हतीं. तेव्हां तेथील तरुण आचारी, वाजंत्री, कारकून, खलाशी आणि रेल्वेचे नोकर होऊन दूरदूर गेले. मुंबईंत त्यांचे 'कूड' प्रसिद्ध होते. एकेका गांवचे लोक एकाच बिऱ्हाडांत राहत, एकत्र प्रार्थना करीत आणि एकाच चुलीवर जेवत. नागपूर हें दोन मोठ्या रेल्वेंच्या मिलनाचें ठिकाण. येथल्या रेल्वे वसाहतींत गोवेकर, अँग्लो-इंडियन, तामीळ आणि मराठी अशीं कुटुंबें शेजारीं शेजारीं राहूं लागलीं. सुटी संपवून गांवाहून परतणाऱ्या माणसाच्या ट्रंकेंत दोन वस्तु हटकून असत. एक संत फ्रान्सिस झेवियरचें चित्र, आणि दुसरी कागदांत गुंडाळलेली चोरिसाची माळ. माळ लहान आणि खाणारीं तोंडें पुष्कळ. मग ती पुरवावयाची कशी? पाणी वाढवून, भाज्या घालून, शेवया सोडून. तेंच हें कढण.

उपवासाचा नियम

या कढणास पंचांगाचेंही बंधन होतें. १९१७ च्या धर्मविधिसंग्रहाप्रमाणें शुक्रवारीं मांस तर वर्ज्य होतेंच, पण मांसाचा रस्साही वर्ज्य होता. म्हणून चोरिसाचे तुकडे बाजूला काढून नुसतें कढण प्यालें तरी नियमभंग होई. पोप सहावे पॉल यांनीं १९६६ सालीं या नियमांची नव्यानें मांडणी केली. भस्म बुधवारापूर्वीं घरांत उरलेला चोरीस संपविणें हें गृहिणीचें काम असे. गोव्यांत त्या दिवसांस 'इंत्रूज' म्हणतात. चाळीस दिवस माळ टांगलेली राही आणि मुलांचे डोळे तिच्याकडे असत.

आपल्या महामंदिराचे आश्रयदाते संत फ्रान्सिस द सेल्स यांनीं १६०९ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या 'भक्तिमय जीवनाची ओळख' या ग्रंथांत अन्नाविषयीं एक मार्मिक विचार मांडला आहे. ताटांतलें वाईट तेवढें शोधून खाण्यापेक्षां जें पुढें येईल तें निमूटपणें खाणें हा मोठा गुण, असें त्यांचें मत होतें; कारण पहिल्यांत आपल्या आवडीचा त्याग आहे, तर दुसऱ्यांत निवडीचाही त्याग आहे. ज्या कढणांत घरांत असेल तें पडतें, त्याला हा विचार चांगला लागू पडतो.

कृति

सहा माणसांस पुरेल असें प्रमाण देतों. चोरीस पाव किलो, कांदे २, लसणीच्या पाकळ्या ८, पिकलेले टोमॅटो ४, गाजरें २, आदल्या रात्रीं भिजवून निराळी शिजवलेली चवळी १ वाटी, पालकाची १ जुडी, मॅकॅरोनी किंवा सरगुंडे १५० ग्रॅम, आणि पाणी २ लिटर. जाड बुडाचें पातेलें घ्यावें.

चोरिसाचा दोरा व वरचें आवरण काढून आंतील मांस मोकळें करावें. पातेल्यांत तेल घालूं नये. मंद विस्तवावर मांस परतावें म्हणजे त्याचीच चरबी सुटते व तांबडी होते. चरबी फार सुटली तर दोन चमचे ठेवून बाकीची काढून ठेवावी. दुसऱ्या दिवशीं अंडें किंवा बटाटा परतावयास ती उपयोगीं पडते. त्याच तांबड्या चरबींत कांदा, मग लसूण, मग टोमॅटो घालून ते पूर्ण गळेपर्यंत परतावें. गाजराचे तुकडे व पाणी घालून झांकण ठेवावें आणि निदान ४० मिनिटें मंद आंचेवर शिजूं द्यावें. यांत घाई करूं नये. चोरीस कच्च्या मांसाचा असतो. वाळल्यामुळें तो टिकतो, शिजत नाहीं. डुकराचें मांस अर्धवट शिजलेलें खाणें प्रकृतीस अपायकारक होय.

मग चवळी घालून एक उकळी आणावी व तेव्हां पहिल्यानें चाखून पाहावें. मीठ आधीं घालण्याची चूक पुष्कळ जणींच्या हातून होते. चोरिसांत मीठ, तिखट आणि आंबट हीं तिन्ही अगोदरच भरपूर असतात. बहुधा मिठाची गरज पडतच नाहीं. शेवटीं मॅकॅरोनी सोडावी. ती साधारण १० मिनिटांत शिजते. सरगुंड्यांस जाडीप्रमाणें कमीजास्त वेळ लागतो, भाजलेल्या बारीक शेवयांस ४–५ मिनिटें पुरतात. चिरलेला पालक अगदीं शेवटीं घालून खालीं उतरावें. पिठाच्या योगानें रस्सा आपोआप दाट होतो. रात्रींसाठीं कढण ठेवावयाचें असेल तर तें मॅकॅरोनीवांचून ठेवावें व वाढतेवेळीं ताजी शिजवून घालावी. नाहींतर ती सर्व रस्सा शोषून घेते आणि सकाळीं कढणाची खीर झालेली आढळते.

उपसंहार

आतां आरंभींच्या दोन बोलांकडे वळूं. हें फिरंग्यांचें अन्न आहे काय? यांतील मिरची अमेरिकेची, मॅकॅरोनी सिसिलीची, नांव पोर्तुगालचें. परंतु शिरका गोव्याच्या माडाचा, मिरें मलबारचीं, गहू विदर्भाचा आणि हात आपल्या आयाबहिणींचे. ज्या न्यायानें हें कढण परकें, त्याच न्यायानें मिरचीचा ठेचा आणि टोमॅटोचें सारही परकें ठरेल. आणि हेंच खरें ख्रिस्ती अन्न आहे काय? तसेंही नाहीं. आपल्या धर्मग्रामांत आज गोव्याचीं, तामीळनाडूचीं, केरळचीं, छोटानागपूरचीं आणि विदर्भाच्या खेड्यांतलीं कुटुंबें आहेत. कित्येकांच्या घरीं डुकराचें मांस कधींच शिजलेलें नाहीं, आणि म्हणून त्यांची श्रद्धा तिळभरही उणी नाहीं. ज्या समाजाच्या पूर्वजांस एके काळीं ताटावरून जोखण्यांत आलें, त्या समाजानें आपल्या पंगतींत कोणासही ताटावरून जोखूं नये.

म्हणून ज्युबिलीच्या स्नेहभोजनासाठीं माझी एक सूचना आहे. चुलीवर दोन पातेलीं असावींत. एकांत चोरीस, दुसऱ्यांत त्याऐवजीं शिरक्यांत वाटलेल्या लाल मिरच्या, भाजलेला लसूण आणि चवळी. बाकी सर्व जिन्नस तेच, सरगुंडेही तेच. दोन्ही पातेलीं एकाच मेजावर, एकाच उंचीवर ठेवावींत, आणि कोणी कोणत्या पातेल्यांतून घेतलें हें कोणीं पाहूं नये. ज्या वयोवृद्ध भगिनींस चोरीस भरण्याची आणि सरगुंडे वळण्याची विद्या अवगत आहे, त्यांनीं येत्या वैशाखांत धर्मग्रामाच्या अंगणांत तरुण मुलींस व मुलांसही ती शिकवावी. उन्हाची टंचाई नागपुरांत कधींच पडलेली नाहीं.